माधव गाडगीळ: वेळूच्या बेटातून ग्रामसभेकडे

पैनगंगेच्या अलीकडे, मुकुटबनच्या चुनखडी-कोळशाच्या मुलखात, जिथे सागवानाच्या आडोशाने कोलामांची पोडे वसली आहेत, त्या झरी जामणीतील वाचकास माधव गाडगीळ हे नाव केवळ सह्याद्रीपुरते वाटावे, हा वर्तमानपत्रांचा दोष होय. कारण रानाची खरी माहिती कोणापाशी, हा ज्या प्रश्नाने या शास्त्रज्ञास चळवळीत ओढले, तो या पोडांच्या उंबरठ्यावरचाच आहे.

१९४२ साली पुण्यात जन्मलेले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचे हे चिरंजीव हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन १९७१ साली पत्नी सुलोचनाबाईंसह स्वदेशी परतले. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई मान्सूनच्या संशोधनात रमल्या, आणि हे रानोमाळ हिंडू लागले.

त्याच दशकात कर्नाटकातील वेळू का संपत चालला, याची चौकशी त्यांच्याकडे आली. कागद गिरणीस सरकार दीड रुपया टन दराने वेळू देई. बुरुडास त्यासाठी बाजारात कितीतरी पट मोजावे लागत. तरी दप्तरी ठपका बुरुडांवर आणि गुरांवरच! वेळूच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी डहाळ्यांचे जाळे असते. ते तोडले की कोंब मोकळे वाढतील, असा वनखात्याचा शिरस्ता. काटे गेले की कोवळे कोंब गुरेवानरे फस्त करतात, असे गावकऱ्यांचे म्हणणे. गाडगीळांनी बेटे तपासली आणि गावकरी खरे ठरले. माझ्या मते त्यांच्यातील कार्यकर्ता तिथेच जन्मला. पुढे त्यांनी विज्ञान कधी सोडले नाही, फक्त साक्षीदार बदलले.

केरळातील सायलेंट व्हॅलीचे रान धरणापासून वाचवण्याचा लढा आणि १९८६ चे निलगिरी जीवावरण क्षेत्र यांत त्यांचा वाटा होता. २०११ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला; कोणत्या गावी काय व्हावे याचा कौल ग्रामसभांनी द्यावा, हा त्याचा गाभा सरकारदरबारी रुचला नाही, अहवाल काही काळ दडवला गेला, आणि मग कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती आली. २०१८ च्या केरळातील महापुरानंतर मात्र तोच अहवाल पुन्हा उघडला गेला.

उतारवयात त्यांची बैठक गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रामसभांत असे. मेंढा-लेखा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून वेळूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभाच देऊ लागली. हे सारे २००६ च्या वनहक्क कायद्याने शक्य झाले. त्याच्या कलम ६ प्रमाणे दावे स्वीकारून पडताळणी सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेचा असून तो झरी जामणीच्या पोडांनाही लागू आहे.