मोटारसायकलला तेल कोणते घालावे?

सुरत शहर गुजरातेत असले, तरी उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून फिरताना मराठी आणि अहिराणी कानांवर पडल्यावाचून राहत नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे कापडाच्या मागांवर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत काम करण्यासाठी तेथे गेली व तेथेच स्थिरावली. अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशातील आखाजी, जवळ आली की या मंडळींना गावाची ओढ लागते. रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते; तेव्हा तरुण माणूस मोटारसायकल काढतो, मागे पत्नी, मध्ये मूल आणि बाजूला पिशव्या असा संसार घेऊन निघतो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर अशी गावे मागे टाकीत, कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्यापर्यंत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर जायचे असते. पुढे खानदेशात ऊन ४२-४४ अंशांपर्यंत चढलेले असते.

हप्त्यांवर घेतलेली ही गाडी म्हणजे त्या घराचा चाकरीवर जाण्याचा पाय असतो. तिचे इंजिन घाटात जाम झाले, तर सण जातोच, शिवाय महिन्याची कमाई दुरुस्तीला जाते आणि कामाचे दिवस बुडतात ते वेगळे. असे नुकसान पुष्कळदा लिटरभराहून कमी तेलाच्या हयगयीतून उद्भवते. तेल बदलायचे म्हटले की सल्ला देणारे मात्र पुष्कळ भेटतात. एक मिस्त्री म्हणतो, उन्हाळा आहे, जाड तेल घाला. दुकानदार म्हणतो, महागातले घ्या. शेजारी म्हणतो, आमच्या मोटारीचे अर्धा डबा तेल उरले आहे, तेच ओता. यांपैकी कोणाचे ऐकावे? आमच्या मते कोणाचेच नव्हे. परंतु कारण समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे इंजिनाच्या तेलाकडे पाहण्याची जुनी दृष्टी दोन-स्ट्रोकच्या गाड्यांतून आलेली आहे. राजदूत, जुनी बजाज स्कूटर, किंवा पुढे १९८५ मध्ये आलेली यामाहा आर.एक्स. १०० या गाड्यांत तेल पेट्रोलबरोबरच इंजिनात जाई आणि जळून धुराबरोबर बाहेर पडे. त्याचे आयुष्य क्षणाचे. धूर फार झाला तर तेल जास्त, इंजिन तापले तर कमी, एवढा हिशेब पुरेसा असे. त्याच १९८५ साली हीरो होंडाची सी.डी. १०० आली आणि चार-स्ट्रोकची मोटारसायकल सामान्य कुटुंबाच्या अंगणात उभी राहिली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात फार गाजली. पेट्रोलच्या बाबतीत ते खरेही होते. पण चार-स्ट्रोक इंजिनातील तेल जळून जात नाही. ते तळाशी साठून राहते आणि हजारो किलोमीटर तेच तेल पुन्हा पुन्हा वर फिरते. म्हणजे जाहिरातीने विसरायला सांगितले ते पेट्रोल, आणि अनेकांनी विसरून टाकले ते तेल!

आता मुख्य मुद्दा. मोटारीमध्ये इंजिनाचे तेल इंजिनापुरते असते. गिअरपेटीला वेगळे तेल, आणि हाताने गिअर टाकण्याच्या मोटारीचा क्लच कोरडा. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत असे वेगळे चूल-पोतेरे नसते. एकच तेल पिस्टन आणि सिलिंडर यांमध्ये पातळ पापुद्रा धरून राहते, तेच गिअरच्या दातांमध्ये दळले जाते, आणि क्लचच्या प्लेटीही त्याच तेलात बुडालेल्या असतात. (जुन्या बुलेटची गोष्ट निराळी होती. तिची गिअरपेटी स्वतंत्र असे. म्हणून बुलेटवाल्या आजोबांचा सल्ला नातवाच्या नव्या गाडीला लावू नये.) या तिन्ही कामांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. पिस्टनला हवे असते की तेलाने घर्षण होईल तितके कमी करावे. क्लचला मात्र थोडे घर्षण हवेच असते. प्लेटींनी एकमेकींना घट्ट धरले नाही, तर इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचणार कसा?

१९९० नंतरच्या काळात मोटारींची तेले पेट्रोल वाचविण्यासाठी अधिकाधिक निसरडी होऊ लागली. त्यांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घालण्यात येत. मोटारीला ती मानवली. मोटारसायकलच्या ओल्या क्लचला ती मानवण्यासारखी नव्हती. म्हणून जपानमधील मानक संस्थेने १९९८ मध्ये मोटारसायकलच्या चार-स्ट्रोक तेलासाठी स्वतंत्र कसोटी ठरविली. या संस्थेचे नाव डब्यावर ‘जासो’ असे येते. क्लचला पुरेशी पकड देणाऱ्या तेलाला ‘एम.ए.’ आणि कमी घर्षणाच्या तेलाला ‘एम.बी.’ अशी खूण मिळते. एम.ए.मध्येच पुढे एम.ए.१ आणि एम.ए.२ असे पोटभेद झाले, त्यांत एम.ए.२ची पकड अधिक. डबा विकत घेताना सर्वांत आधी शोधायची खूण ती हीच, आणि नेमकी तीच कोणी वाचीत नाही.

एका घरात एक गिअरची मोटारसायकल आणि एक बिनगिअरची स्कूटर असणे आता नवलाचे राहिलेले नाही. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला एम.बी. तेल चालते, किंबहुना तिच्यासाठी तेच बनविलेले असते. दोन्ही डब्यांवर १०डब्ल्यू-३० हाच आकडा असू शकतो. आकडा सारखा म्हणून स्कूटरचे उरलेले तेल मोटारसायकलमध्ये ओतले, तर थोड्याच दिवसांत चढावर इंजिन नुसते ओरडू लागते. आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. यालाच क्लच घसरणे म्हणतात. उलट प्रकार घडला, म्हणजे एम.ए. तेल स्कूटरमध्ये गेले, तर फारसे बिघडत नाही. शेजाऱ्याच्या मोटारीच्या तेलाचे उत्तरही यातच आले.

राहिला आकड्यांचा प्रश्न. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हे आकडे तेलाच्या दाटपणाचे आहेत. ते तापमानाचे नव्हेत आणि तेलाच्या ताकदीचे तर मुळीच नव्हेत. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ते किती दाट राहते ते सांगतो. ‘जाड म्हणजे चांगले’ हा समज म्हणूनच अपुरा आहे. इंजिनाच्या भागांमध्ये फटी किती ठेवायच्या आणि तेलाचा पंप किती जोराचा बसवायचा, हे कारखान्यात ठरते आणि त्याला साजेसा दाटपणा तेथेच निवडला जातो. हीरोच्या स्प्लेंडरसारख्या गाडीसाठी १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते, रॉयल एन्फील्डच्या एकसंध इंजिनाच्या ३५० सी.सी. गाड्यांसाठी १५डब्ल्यू-५०. स्प्लेंडरमध्ये ५० नंबरचे तेल घातले, तर सकाळी किक मारल्यावर ते वरच्या कॅमपर्यंत पोहोचायला वेळ लावते, इंजिनाला ते ढवळण्याचे ओझे होते आणि पेट्रोल अधिक लागते. उलट जेथे दाट तेल सांगितले आहे तेथे पातळ घातले, तर उन्हाळ्यात तो पापुद्रा टिकत नाही आणि धातूवर धातू घासतो. भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा भारताचा उन्हाळा धरूनच दिलेला असतो. गाडीबरोबर आलेली ती पुस्तिका कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या पत्रिकांखाली पडलेली असेल. ती वर काढावी.

डब्यावर आणखी दोन अक्षरे असतात: एस.जे., एस.एल., एस.एन. अशी. ही अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेची श्रेणी. अक्षर पुढचे तितके तेल अलीकडचे, एस.एल. २००१ सालचे, एस.एन. २०१० चे, एस.पी. २०२० चे. पुस्तिकेत सांगितले आहे त्या किंवा त्यापुढील श्रेणीचे, पण ‘जासो एम.ए.’ची खूण असलेले तेल घ्यावे. खनिज की सिंथेटिक, यावर मात्र आम्ही फार शब्द खर्च करणार नाही. सिंथेटिक तेल उष्णतेत अधिक टिकते हे खरे. पण १०० सी.सी.च्या साध्या गाडीत वेळेवर बदललेले साधे तेल, वर्षभर न बदललेल्या महागड्या तेलापेक्षा शतपटीने बरे.

वेळेवर म्हणजे केव्हा? पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात, पण ते सामान्य वापराचे असतात. सुरतेच्या रिंग रोडवर कापडबाजारापाशी संध्याकाळी गाडी चालविणाऱ्याने विचारावे की आपला वापर सामान्य आहे काय. वाऱ्याने थंड होणारे इंजिन वाहनांच्या गर्दीत उभे राहिले की त्याला वारा लागत नाही. मोकळ्या महामार्गावर पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा ते अधिक तापते. त्यात तीन माणसांचे ओझे आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले सतत थांबणे-निघणे. तेलाला दाटपणा टिकवून ठेवण्यासाठी लांबलचक रेणूंची द्रव्ये मिसळलेली असतात. गिअरचे दात त्या रेणूंचे तुकडे करीत जातात आणि तेल आपोआप पातळ होत जाते. शिवाय अनेक लहान गाड्यांत कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी असते. म्हणून असा वापर असेल, तर पुस्तिकेतील मुदत गाठण्याची वाट पाहू नये. कोंडाईबारीच्या वाटेला लागण्यापूर्वी तर तेलाची पातळी पाहिल्याशिवाय निघूच नये. सपाट जागी गाडी डबल स्टँडवर उभी करावी, इंजिन थोडे चालवून बंद करावे, काही मिनिटे थांबावे आणि मग डिपस्टिक पुसून पाहावे. अनेक गाड्यांत ती आट्यात न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेच्याही वर भरणे हा शहाणपणा नव्हे. ते ढवळून फेसाळते.

तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. काजळी भागांवर बसू न देता स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. दुधासारखे किंवा चहासारखे दिसले, तर मात्र घाबरावे, कारण आत पाणी गेलेले आहे. सुरतेला हे सांगण्याची गरज पडू नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. घराखाली उभ्या असलेल्या गाड्या चिखलपाण्यात गेल्या. अशी गाडी पाण्याबाहेर काढल्यावर चालू होते का म्हणून किक मारून पाहण्याचा मोह होतो, आणि तेथेच घात होतो. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना वंगण देऊ शकत नाही. आधी प्लग काढावा, सर्व तेल खालून सोडून द्यावे, पेट्रोल बदलावे. मग योग्य दाटपणाचे स्वस्तातले तेल भरून इंजिन काही मिनिटे हळू चालवावे, तेही काढून टाकावे आणि त्यानंतरच चांगले तेल घालावे. दुधाळपणा राहिला तर हे पुन्हा करावे. पावसाळ्यात सखल वस्तीत राहणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा, मग ते सुरतेचे असोत वा वसईचे.

शेवटी खरेदीची गोष्ट. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके किंवा वापरलेलेच गाळलेले तेल भरून विकण्याचा धंदा पुष्कळ ठिकाणी चालतो. सुटे तेल घेऊ नये. डब्याचे सील आपल्यासमोर फोडून घ्यावे, पावती मागावी, आणि तेल ओतून झाल्यावर रिकामा डबा मिस्त्रीकडे न ठेवता त्याला भोक पाडून घरी आणावा. यात मिस्त्रीवर अविश्वास दाखविल्यासारखे वाटेल. पण चांगला मिस्त्री रागावत नाही, तो स्वतःच सुरी पुढे करतो.

काढलेले जुने तेल गटारात, विहिरीच्या काठी किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. त्यात धातूचे कण आणि जळके विषारी पदार्थ असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. घरी तेल बदलणाऱ्याने ते जुन्याच डब्यात भरून, पाणी वा पेट्रोल न मिसळता, असे तेल गोळा करून पुढे पाठविणाऱ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावे. डब्याला भोक पाडायचे ते त्यानंतर.