एका मिलिमीटरची गंमत

दिवाळीच्या आधी आमच्याकडे स्वयंपाकघराचं काम काढलं होतं. ओट्यामागच्या भिंतीला टाइल्स घ्यायला आई, बाबा आणि मी दुकानात गेलो. दुकानदाराने 'मोरोक्कन' म्हणून बॉक्स उघडला आणि मी फिदाच! हिरवा रंग कुठे गडद, कुठे फिका, मध्येच एक पुसट तडा. पण दहा-बारा टाइल्स शेजारी मांडल्यावर लक्षात आलं, तोच तडा पुन्हा पुन्हा येतोय. म्हणजे हाताची चूक मशीनने छापली होती!

मग खरी टाइल कशी बनते ते शोधायला बसले. तिचं नाव झेलीज, आणि माहेर मोरोक्कोतलं फेझ शहर. तिथली करडी माती भिजवून, मळून, हाताने चौकोन पाडतात, उन्हात वाळवून भाजतात. मग ग्लेझ चढवून पुन्हा भट्टीत. आच सगळीकडे सारखी लागत नाही, म्हणून एकाच घाण्यातल्या दोन टाइल्सचा रंगसुद्धा जुळत नाही. नक्षी करायची असेल तर कारागीर जड, धारदार हातोडीने चांदण्या, पट्ट्या असे तुकडे पाडतो. तुकड्याची मागची कड तिरकी छाटतात, त्यामुळे पुढून सांधा जेमतेम दिसतो आणि मागे मसाल्याला जागा राहते. कमाल म्हणजे हे तुकडे उपडे मांडतात, रंगीत बाजू खाली! नक्षी जुळली की फसली, ते मागून ओतलेला थर सुकल्यावरच कळतं. (आमचं ड्रॉइंग समोर दिसत असूनही चुकतं, ते सोडा.) फेझच्या बू इनानिया मदरशात १३५० च्या दशकातलं झेलीजचं काम आजही आहे.

वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब एक मिलिमीटर चुकला की रिजेक्ट. इथे मात्र कुठे खोलगट, कुठे किंचित कललेली प्रत्येक टाइल प्रकाश वेगळ्या कोनात परावर्तित करते. गुळगुळीत भिंत चमकली तर सगळी एकदम चमकते. ही भिंत आपण दोन पावलं सरकलो तरी बदलते. सगळी जादू त्या एका मिलिमीटरची!

बाबा म्हणाले, ''ग्लेझच्या बारीक भेगांत फोडणीची हळद गेली तर घासणार कोण? आणि भाडं भरून मोरोक्कोहून आणायच्या?'' दोन्ही मुद्दे बरोबर होते. शेवटी साधी पांढरी टाइल लावली. छापील तडा मात्र मी घरात येऊ दिला नाही.