आवाज नेमका कुठून आला?

● वेळेतला फरक : उजवीकडचा आवाज डाव्या कानात किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर ०.७ मिलिसेकंद, तरी मेंदू तो टिपतो.

● डोक्याची आडकाठी : साधारण १,५०० हर्ट्झच्या वरचे आवाज डोक्यामुळे अडतात आणि पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतात. खर्जातल्या लाटा लांब असल्याने डोक्याला वळसा घालतात. तिथे वेळेतला फरकच कामी येतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये ही दुहेरी मांडणी केली.

● कानाच्या घड्या : समोरचा, मागचा किंवा डोक्यावरचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोहोचतो. तो बाहेरच्या कानाच्या घड्यांवर आपटून आत जातो तेव्हा काही कंप्रता उठावदार होतात, काही दबतात. त्यावरून वर-खाली, मागे-पुढे कळतं.

● साचे बसवले तेव्हा : १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात स्वयंसेवकांच्या कानांत घड्यांचा आकार बदलणारे साचे बसवले. डावं-उजवं कळत राहिलं, पण वर-खालीचा अंदाज कोलमडला. काही आठवड्यांत तो सुधारला. साचे काढल्यावर जुना अंदाजही शाबूत होता.

करून पाहा : डोळे मिटा आणि कुणाला तरी नाकासमोर, डोक्यावर, पाठीमागे किल्ल्या वाजवायला सांगा. मग दोन्ही कान बोटांनी दुमडून पुन्हा ओळखा.