पाय वाचवताना किडनीही तपासा!

मधुमेह हा पैसेवाल्यांचा आजार, हा समज आता सोडून दिला पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. खुद्द बाबासाहेबांनाही या आजाराने आणि पायांच्या दुखण्याने अखेरच्या वर्षांत जेरीस आणले होते.

आमच्या वस्त्यांत मधुमेह बहुधा कळतो तो पायाच्या जखमेने. वाढलेली साखर नसा बधिर करते. खिळा टोचला तरी कळत नाही. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराची जखम चिघळते, रोज बुडेल म्हणून दवाखाना लांबतो आणि शेवटी बोट किंवा पाय कापावा लागतो. सगळी चर्चा पायाची होते; किडनीची आठवण कुणालाच नसते.

वास्तविक जी साखर पायाच्या रक्तवाहिन्या नासवते, तीच किडनीतील बारीक रक्तवाहिन्याही नासवते. म्हणून पायाला जखम असलेल्या मधुमेही माणसाला किडनीविकाराचा धोका अधिक असतो. त्यात जखमेतला जंतुसंसर्ग अंगात पसरला, किंवा ठणका थांबवायला मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दिवसेंदिवस खाल्ल्या, तर किडनीवर आणखी घाव बसतो. उलट किडनी बिघडली की जखमही लवकर भरत नाही. किडनी सुरुवातीला दुखत नाही. सूज, धाप लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

उपाय मात्र साधा आहे. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन तपासण्या वेळीच धोका सांगतात. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवला, तर किडनीचा ऱ्हास लांबवता येतो. सरकारने २०१६ साली गरिबांसाठी मोफत डायलिसिसची योजना आणली, ते योग्यच झाले. पण डायलिसिसची पाळीच येऊ नये, यासाठी काय? संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. मधुमेहीच्या पायाला जिथे मलमपट्टी होते, तिथेच या दोन तपासण्या मोफत झाल्या पाहिजेत, आणि सफाई कामगारांच्या बाबतीत तर त्या दरवर्षी झाल्याच पाहिजेत, ही आमची मागणी आहे.

आपल्या संघटनांवरही जबाबदारी आहे. जयंतीला, महापरिनिर्वाणदिनी आपण आरोग्य शिबिरे भरवतो. तिथे साखर तपासताना माणसाचे पाय बघा, लघवीही तपासा. बांधवांनो, रोज रात्री आपले तळवे स्वतः पाहा. अनवाणी फिरू नका. जखम दिसली तर गोळी विकत घेण्याआधी डॉक्टरकडे जा आणि त्यांना विचारा, “माझी किडनी कशी आहे?” हा प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.