गिधाडे, गुरांचे इंजेक्शन आणि बाजाराचा हिशेब

जनावरांच्या औषधांचे दुकान चालविणारा, कातड्यांची उलाढाल करणारा आणि तबेल्यात पाच-पन्नास म्हशी बांधणारा, या तिघांचा गिधाडांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे आणि तो रोकड्या व्यवहाराचा आहे. एका स्वस्त औषधाने आपल्या देशातील गिधाडे संपत आणली, हे शास्त्रज्ञांनी २००४ मध्येच सांगितले होते. परंतु ते संशोधन सरकारच्या टेबलावर आणि तेथून तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचताना कोठे कोठे अडले, हे व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

आधी जुनी व्यवस्था पाहू. गावात बैल किंवा म्हैस मेली की ती गावाबाहेर टाकली जाई. कातडे काढणारे कातडे नेत. उरलेले मांस गिधाडांचा मोठा थवा तासाभरात फस्त करी. मागे राहिलेली कोरडी हाडे वेचून ती गिरणीला विकली जात आणि त्यांतून खत, सरस व जिलेटिनसाठी माल तयार होई. या साखळीतला एक कामगार बिनपगारी होता, म्हणून त्याची नोंद कोणाच्याच वहीत नव्हती. गिधाडे गेली तेव्हा मांस तसेच कुजू लागले. हाडे साफ होण्यास कितीतरी अधिक वेळ लागू लागला आणि सांगाड्यांभोवती भटक्या कुत्र्यांच्या झुंडी जमल्या.

गिधाडे कमी होत असल्याचे पहिले भक्कम पुरावे राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यातून आले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी तेथे आधी केलेली मोजणी आणि काही वर्षांनी केलेली मोजणी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. त्यांचा लेख १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे देशभर पाहणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. म्हणजे हजारांमागे जेमतेम एक-दोन उरली.

सुरुवातीला सर्वांचा संशय साथीच्या रोगावर होता. कारण सापडले ते पाकिस्तानच्या पंजाबात. तेथे मेलेली गिधाडे चिरून पाहिली तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतील अवयवांवर पांढरे खडूसारखे थर आढळले. डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे होतो, असे २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात सिद्ध केले. लंगडणाऱ्या बैलाला किंवा ताप आलेल्या म्हशीला हे इंजेक्शन दिले आणि जनावर दोन-चार दिवसांत मेले, तर मांसात औषधाचा अंश राहतो. गाई-म्हशींना ते मानवते, गिधाडाला मात्र मारते.

औषध दिलेली सगळीच जनावरे काही मरत नाहीत, मग एवढी गिधाडे कशी मेली, असा आक्षेप कोणीही घेईल. शास्त्रज्ञांनी त्याचाही हिशेब मांडला. शंभर मृत जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरात घातक मात्रा असली, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो. एका सांगाड्यावर शेकडो गिधाडे उतरतात, हे त्याचे कारण.

पण ‘हे औषध वाईट आहे’ एवढे सांगून धोरण बदलत नाही. शेतकरी विचारणार की मग जनावराला द्यायचे काय? कारखानदार विचारणार की मग आम्ही बनवायचे काय? संशोधकांनी पर्याय शोधला आणि येथेच गाडी पुढे सरकली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात ते तयार होतच होते. त्याच वर्षी मे महिन्यात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन बंद करण्याचा आदेश निघाला. नेपाळ आणि पाकिस्ताननेही २००६ मध्येच बंदी घातली. तिन्ही सरकारांनी एकाच वर्षी उचललेले असे पाऊल विरळाच.

मात्र बाजार कागदावर चालत नाही. मेलॉक्सिकॅम महाग होते, आणि माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक कायद्याने विकता येत होते. ते ३० मिलीच्या मोठ्या बाटलीतही मिळे. माणसाला एका वेळी ३ मिली पुरते. मग ३० मिलीची बाटली कोणासाठी, हे औषधाच्या धंद्यात मुरलेल्यांना समजावून सांगायला नको. संशोधकांनी २००७ ते २०१० या काळात अनेक राज्यांतील दुकानांत साधे गिऱ्हाईक म्हणून माणसे पाठविली आणि गुरांसाठी वेदनाशामक मागितले. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दुकानांत डायक्लोफेनॅक मिळाले. आमच्या मते प्रयोगशाळेतील शोधाइतकीच या पाहणीची किंमत आहे. बंदी कोठे गळते आहे, हे सरकारला तिने दाखविले. तरीही जुलै २०१५ उजाडावा लागला. तेव्हा केंद्र सरकारने माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीची, एका मात्रेपुरतीच असावी, असा नियम केला. काही कंपन्या न्यायालयात गेल्या, पण २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला.

यात सर्वच दुकानदारांना दोषी धरणे आम्हास रास्त वाटत नाही. राजपत्र वाचून कोणी दुकान उघडत नाही, आणि इंग्रजीतील शोधनिबंध तर त्याच्या हाती येतच नाही. पशुपालकाला ‘अमुक इंजेक्शन नको, तमुक द्या’ हे त्याच्या भाषेत सांगणारा माणूस गोठ्यापर्यंत गेला असता, तर मधली बरीच वर्षे वाचली असती.

या नुकसानीचा आकडा काढण्याचे काम तर त्याहून उशिरा झाले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. डायक्लोफेनॅकचे जेनेरिक उत्पादन सुरू होऊन १९९४ च्या सुमारास भाव कोसळले आणि ते गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले, हा त्यांचा आरंभबिंदू. जेथे पूर्वी गिधाडे भरपूर होती ते जिल्हे आणि जेथे मुळातच नव्हती ते जिल्हे, यांतील मृत्युदर त्यांनी ताडून पाहिला. पहिल्या गटात मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली, आणि नुकसान वर्षाला ६९ अब्ज डॉलरांच्या घरात, असा त्यांचा अंदाज आहे. कुजक्या सांगाड्यांनी नासलेले पाणी आणि कुत्र्यांपासून होणारा रेबीज, ही त्यांनी दिलेली कारणे. अंदाज तो अंदाजच. परंतु पक्ष्यांच्या मोजणीने न हलणारी फाईल अशा आकड्याने हलते, हा सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या प्रत्येकाचा अनुभव असेल.

अलीकडे कामाला थोडा वेग आला आहे. जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक या औषधांवर २०२३ मध्ये बंदी आली. एसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच बनते, म्हणून नाव वेगळे असले तरी परिणाम तोच. डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅमबरोबर टोल्फेनामिक अ‍ॅसिड हा दुसरा पर्याय गिधाडांना सुरक्षित आढळला आहे. तबेलेवाल्यांनी डॉक्टरांकडून औषध लिहून घेताना ही दोन नावे विचारावीत आणि दुकानदारांनी फळीवरील जुना माल एकदा तपासून पाहावा. इंजेक्शन दिलेले जनावर दोन-चार दिवसांतच मेले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. मृत जनावरे उचलणाऱ्यांनीही मालकाला शेवटचे इंजेक्शन कोणते दिले होते, ते विचारून मगच गाडी भरावी.