पाणी वाचवलं आणि टाकी तुंबली

बेलवाडीचं गोल रिंगण आटोपलं की तुकोबारायांची पालखी लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडे निघते. बारामती–इंदापूर रस्त्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी दिंड्यांतल्या बायका पहाटेच्या अंधारात उसाचा आडोसा शोधायच्या. दिवस उजाडला की संध्याकाळपर्यंत थांबायच्या, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायच्या. गेल्या दहा-बारा वर्षांत ‘निर्मल वारी’च्या निमित्ताने पालखीमार्गावर फिरत्या शौचालयांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. तिकडे 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे राहत्या गाडीत, स्वतःचा संडास चाकांवर घेऊन फिरणारी कुटुंबंही आता दिसतात. गाडी वारीतली असो की सहलीतली, दोन्हींच्या पोटात एक टाकी असते, आणि त्या टाकीबद्दलचे गैरसमजही बहुतेक सारखेच असतात. वारीच्या दिवसांत लासुर्ण्यात या गाड्यांपाशी थांबून जे पाहिलं, त्यातूनच हे लिहितो आहे.

सगळ्यात पक्का बसलेला समज असा : “पाणी कमी वापरलं तर टाकी उशिरा भरेल.” ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. आपला सगळा पट्टा नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणारा, त्यामुळे पाणी जपून वापरणं आपल्या अंगातच आहे. या टाकीला मात्र तो नियम लावता येत नाही. भांड्याच्या थेट खाली टाकी असते. पाणी पुरेसं नसेल तर मैला पसरत नाही, विरघळत नाही, भांड्याखालीच शंकूसारखा साठत जातो. पाणी कडेने निघून जातं, शंकू वर चढतो आणि शेवटी भांड्याच्या तोंडाला टेकतो. टाकी निम्मी रिकामी असते आणि संडास मात्र तुंबलेला.

एका वर्षी हे डोळ्यांदेखत झालं. पाणी पुरवायचं म्हणून एका गाडीच्या नळांचे कॉक निम्मे बंद केले होते, माणशी अर्धं टमरेल. सकाळी आठच्या सुमारास एका बाजूची सगळी भांडी बसली. मैला उपसणारा टँकर आला, पाइप आत सोडला, तर तो नुसती हवा ओढू लागला. टँकरचा पंप पातळ मैला ओढतो, घट्ट झालेला ढीग त्याला ओढवत नाही. तेवढ्यात एका पोराने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि झाकणापाशी जाऊन उभा राहिला. त्याला मागे ओढलं. वरून तीन बॅरल पाणी सोडलं, तासभर मुरू दिलं, बाहेर उभं राहूनच लांब बांबूने ढवळलं. मग टँकरने दहा मिनिटांत टाकी उपसली. सकाळपासून जितकं पाणी वाचवलं होतं, त्यापेक्षा जास्त त्या तीन बॅरलांत गेलं.

टाकी उपसून झाली की झडप बंद करून तळाला चार-पाच बादल्या पाणी ओतायचं आणि मगच दारं उघडायची. आधी पाणी, मग माणूस. कॅराव्हॅनच्या छोट्या टाकीतही रिकामी केल्यावर दोन-तीन लिटर पाणी आणि औषध आधी घालतात, ते याचसाठी.

मग टाकी लवकर भरणार नाही का? भरणारच, आणि त्याचा हिशेब आधीच मांडायला हवा. समजा दहा भांड्यांची गाडी आहे, टाकी 1000 लिटरची आहे आणि माणशी सगळं मिळून साडेतीन लिटर जातं. म्हणजे तीनशेच्या आत माणसं झाली की टाकी भरली. माणशी पाच मिनिटं धरली तर दहा भांड्यांवर तासाला 120 माणसं होतात. पहाटे चारला रांग लागली की साडेसहाच्या आत टाकी भरते. टँकर सकाळी नऊला बोलावणाऱ्याने अडीच तासांची अडचण स्वतःच ओढवून घेतलेली असते. टँकर पहाटेच जवळ उभा हवा.

विलायती कॅराव्हॅन घेणाऱ्यांनीही असाच हिशेब करावा. त्यातल्या सरकत्या टाकीत, जिला कॅसेट म्हणतात, साधारण 15 ते 20 लिटर मावतात. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते हा अंदाज कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपण पाण्याने धुतो. प्रत्येक वेळी लिटरभर पाणी जास्त गेलं तर चौघांच्या कुटुंबाची कॅसेट दिवसभरातच भरू शकते. कॅसेट बिघडलेली नसते, हिशेब दुसऱ्यांचा असतो.

“वास येतोय, फिनाईल ओता.” वासाचं मूळ बहुतेक वेळा फरशीवर नसतंच. टाकीतून एक पाइप गाडीच्या टपाच्या वर गेलेला असतो, आपल्याकडे त्याला गॅस पाइप म्हणतात. टाकीतली हवा तिथून वर जावी म्हणून तो असतो. वास त्यातूनच येतो असं समजून काही जण त्याच्या तोंडाला पोतं बांधतात. मग हवेला एकच वाट उरते, भांड्याची. दर वेळी पाणी टाकलं की तेवढी हवा आतून वर येते आणि बसलेल्याच्या नाकात जाते. पोतं सोडावं, पाइपमध्ये पाखरांनी काडीकचरा कोंबला आहे का ते पाहावं, तोंडाला जाळी लावावी. निम्म्या गाड्यांचा वास एवढ्यावर जातो.

कॅराव्हॅनमध्ये दुसरं कारण असतं भांड्याखालच्या पात्याचं रबर. ते सुकलं, चिरलं की वासही येतो आणि टाकी हलवताना गळतीही होते. इथे लोक हाताशी असेल ते लावतात, खोबरेल किंवा व्हॅसलीन. त्याने रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर खराब होतं. त्याला सिलिकॉनचं वंगण लागतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी धुऊन वाळवावी आणि पातं थोडं उघडं ठेवावं, म्हणजे रबर चिकटून बसत नाही. टाकी भरल्याचा दिवा रिकाम्या टाकीलाही लागत असेल तर आतल्या तरंगत्या गोळ्याला किंवा खुणेच्या दांडीला घाण चिकटलेली असते. कोमट पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुतलं की बहुधा काम होतं.

“अ‍ॅसिड टाकलं की सगळं मोकळं होतं.” मैल्याच्या ढिगाला अ‍ॅसिडने काही होत नाही. झिजतं ते पत्र्याचं भांडं, सांधे आणि वॉशर. त्याच भांड्यात सकाळी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल, तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद खोक्याएवढ्या संडासात तो जीव घेऊ शकतो. ही दोन्ही औषधं एका गाडीत, एका माणसाच्या हातात कधीच देऊ नयेत.

कॅराव्हॅनमधलं निळं औषध वेगळं असतं. वास आणि कुजणं थांबवायचं हे त्याचं काम. जुन्या निळ्या औषधांत फॉर्मल्डिहाइड असायचं, काहींत अजूनही असतं. हे औषध मिसळलेली टाकी घराच्या सेप्टिक टँकमध्ये ओतू नये. सेप्टिक टँक चालतो तो जिवाणूंवर, आणि हे औषध त्यांनाच मारतं.

हेच बायो-टॉयलेटबद्दल. “त्यात जंतू असतात, ते सगळं खातात, देखभाल लागत नाही,” असं विकणाराही सांगतो आणि घेणाराही मानतो. डीआरडीओने उंचावरच्या थंडीतल्या सैनिकांसाठी हे तंत्र उभं केलं आणि 2019 पर्यंत ते रेल्वेच्या जवळजवळ सगळ्या प्रवासी डब्यांखाली बसलं. तंत्र चांगलंच आहे. त्यात सुरुवातीला जिवाणूंचं विरजण घालावं लागतं. विरजलेल्या दुधात कुणी फिनाईल ओतत नाही, इथे मात्र रोज सकाळी ओततात, मग जंतू मरतात आणि बायो-टॉयलेट साधी टाकी होऊन बसतं. शिवाय त्या जिवाणूंना मैला पचवायला दिवस लागतात. अडीच तासांत तीनशे माणसं आली तर ते गुदमरतात. माझं मत स्पष्ट आहे : पालखीच्या गर्दीला साधी साठवणीची टाकी आणि वेळेवर येणारा टँकर हवा. बायो-टॉयलेटची जागा भवानीनगरच्या कारखान्यासाठी हंगामभर येऊन राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांजवळ आहे. तिथे माणसं ठरलेली असतात, वापर रोजचा असतो, आणि गरजही पालखीइतकीच मोठी असते. बायो-टॉयलेटमधून बाहेर पडणारं पाणीही निर्जंतुक केल्याशिवाय ओढ्यात जाता कामा नये.

“उसात सोडून द्या, खतच आहे.” हे म्हणणारे शेतकरीच असतात, म्हणून वाईट वाटतं. शेणाला आपण उकिरड्यात मुरवतो, मग रानात नेतो. माणसाच्या ताज्या मैल्यात पटकीपासून काविळीपर्यंतच्या रोगांचे जंतू असू शकतात. जंताची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि अनवाणी पायांनी, भाजीने, न धुतलेल्या हातांनी घरात येतात. मैल्याचं खत होतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे आपल्यासारख्या उष्ण हवेतही तो वर्षाहून जास्त काळ साठवून मुरवावा लागतो. तोवर तो मैला-प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे. वाई आणि सिन्नर या आपल्याच राज्यातल्या दोन नगरपरिषदांनी घरांचे सेप्टिक टँक ठरल्या पाळीने उपसून मैला प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत बसवली आहे. पालखीमार्गावरच्या टँकरचालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा : भरलेला टँकर कुठे रिकामा करणार?

राहिला शेवटचा समज, आणि माणसं मरतात ती याच्यामुळे. “जास्तच तुंबलं तर माणूस उतरवावाच लागतो.” नाही लागत. टाकी फिरत्या गाडीची असो की घराच्या मागची, बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे शंभर भाग झाले की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं हवा गेली. प्रमाण आणखी वाढलं की काही क्षणांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. तोंडावर रुमाल बांधून वायू अडत नाही. झाकण उघडून आत काडी पेटवून पाहणं तर फारच धोक्याचं, कारण टाकीत मिथेनही असतो आणि तो पेट घेतो.

2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकची माणसाकरवी धोकादायक सफाई करून घ्यायला बंदी घातली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख ठरवली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली.

यंदा पालखी लासुर्ण्यात येईल तेव्हा गाडीच्या प्रत्येक दारात भरलेली बादली आणि टमरेल ठेवा. वापरलेले पॅड आणि गुटख्याच्या पुड्या टाकण्यासाठी झाकणाचा डबा वेगळा ठेवा, कारण भांड्यात गेलेली प्रत्येक पुडी टँकरच्या पाइपच्या तोंडाशी अडकते. आणि टाकीच्या झाकणापाशी कुणी पँट दुमडून उभा दिसला, तर त्याला हाताला धरून बाजूला घ्या आणि पाण्याचे बॅरल आणायला पाठवा.