मोटारसायकल : असलेली बदलावी, कीं नवी घ्यावी ?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गाच्या जवळ, तुळजापूर तालुक्यांतील अणदूर हें गांव आहे. येथील खंडोबाचें देवस्थान प्रसिद्ध असून देवाची मूर्ति वर्षांतले कांहीं महिने नळदुर्गच्या देवळांत व उरलेले महिने अणदूरच्या देवळांत असते. देव एक आणि देवळें दोन, अशी ही व्यवस्था पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. गांवांतील सामान्य घराची स्थिति मात्र याच्या उलट असते. तेथें वाहन एक आणि त्याच्याकडून अपेक्षा दोन. वडिलांना त्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीवरून शेतावर जावयाचें असतें, येतांना दुधाची किटली व कडब्याची पेंडी आणावयाची असते. मुलाला त्याच गाडीनें सोलापूरच्या महाविद्यालयांत जावयाचें असतें, आणि महामार्गावर दोनशें सीसीची गाडी शेजारून निघून गेली म्हणजे त्याचें मन खट्टू होतें. मग घरांत वाद सुरू होतो. असलेली गाडी मिस्त्रीकडून बदलून घ्यावी, कीं ती देऊन टाकून हप्त्यांनीं वेगवान गाडी आणावी ? पुण्या-मुंबईच्या घरांतूनही हाच वाद ऐकूं येतो. फरक इतकाच, कीं तेथें कडब्याची पेंडी नसते.

तरुणाच्या ह्या इच्छेची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु ‘वेगवान’ हा एकच शब्द उच्चारतांना त्याच्या मनांत तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि त्या वेगळ्या केल्यावांचून वाद मिटत नाहीं. एक, गाडीचें रूप व आवाज. दुसरी, उचल, म्हणजे ज्याला गॅरेजांत पिकअप म्हणतात ती. तिसरी, दूर पल्ल्यावर सतत मोठा वेग राखण्याची ताकद. उंसाच्या हंगामांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या ज्या रस्त्यानें चालतात, त्या रस्त्यावर तिसऱ्या गोष्टीचा उपयोग फार थोडा. मालमोटार ओलांडतांना खरी उणीव भासते ती उचलीची.

शक्ति ही केवळ इंजिनाच्या आकारावर अवलंबून नसते. १९८५ सालीं भारतांत निघालेली यामाहा आरएक्स १०० ही ९८ सीसीची गाडी सुमारें ११ अश्वशक्ति देत असे. १९९४ सालीं आलेल्या हीरो होंडा स्प्लेंडरचें इंजिन ९७.२ सीसीचें, म्हणजे जवळजवळ तेवढेंच. तिची शक्ति मात्र साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. पहिल्या गाडीचें इंजिन दोन टप्प्यांचें होतें, त्यांत दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदां स्फोट होई. दुसरीचें चार टप्प्यांचें, त्यांत दोन फेऱ्यांना एकदां होतो. त्या जादा शक्तीची किंमत पेट्रोलबरोबर तेल जाळून व धूर सोडून चुकवावी लागे, आणि धुराचे नियम कडक झाल्यावर १९९६ सालीं आरएक्स १०० चें उत्पादन थांबलें. हौशी माणसें अजूनही तिच्यासाठीं भरपूर पैसे मोजतात. सांगावयाचें तें असें, कीं गाडीचा स्वभाव आराखड्यांतच ठरतो. नंतर बाजारांतून सुटे भाग आणून तो पालटत नाहीं.

मिस्त्री बहुधा ‘बोअर करून देतों’ असें सांगतो. त्याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ४९.५ मिलिमीटर. झिजलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर कातून मोठा पिस्टन बसविला, तर इंजिन ९७ सीसींवरून सुमारें ९९ सीसींवर जातें. म्हणजे भर दोन सीसींची ! ही उत्तम दुरुस्ती आहे. तिनें गेलेली ताकद परत येते, नवी येत नाहीं. आणखी कातत गेलें तर भिंत पातळ होते आणि उष्णता वाढते. कार्ब्युरेटर मोठा लावून, दाब वाढवून शक्ति खेचली, तर क्लच, बेअरिंगें व चेन हीं सारीं मूळच्याच शक्तीच्या मापानें केलेलीं असतात. गाड्याला दांडगे बैल जुंपावे, आणि जूं, आंख व धांवा मात्र जुन्याच राहूं द्याव्या, असा हा प्रकार होतो.

एवढें करून मिळतें काय ? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. ताशीं ८० किलोमीटरांवरून १०० वर जावयाचें तर ह्या कामाची शक्ति जवळजवळ दुप्पट लागते. उलट, मोठ्या खटपटीनें दहा टक्के शक्ति वाढविली, तर ८० चे फार तर साडेब्याऐंशी होतात. हजारो रुपये खर्चून अडीच किलोमीटर !

यानंतर आवाज. सायलेन्सरच्या आंतील पडदे काढले म्हणजे गाडी गर्जना करूं लागते, आणि गर्जनेमुळें ती जोरानें धांवते असा स्वाराचा समज होतो. पुष्कळदां होतें उलटेंच. हवा-इंधनाचें ठरलेलें मिश्रण बिघडून खालच्या वेगांतील ओढ कमी होते, म्हणजे ज्या उचलीसाठीं खटाटोप केला तीच जाते. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत धूर शुद्ध करणारें साधन सायलेन्सरच्या मार्गांतच बसविलेलें असतें. तें काढणें म्हणजे गाडीचें अंग तोडणें. अनेक शहरांत पोलिसांनीं असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडले आहेत.

कायद्याची बाजू पुष्कळांना ठाऊक नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, उत्पादकानें मुळांत दिलेल्या व नोंदणीपुस्तकांत असलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं याच अर्थास दुजोरा दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय विमा उतरला तो मूळच्या गाडीचा; न कळवितां बदललेल्या गाडीला अपघात झाला तर भरपाईच्या वेळीं तंटा उभा राहतो. आणि विकावयास काढली तर फेरफाराचे पैसे कोणी देत नाहीं, उलट किंमत पाडून मागतात.

परंतु सर्वांत जड गोष्ट ब्रेकची. ताशीं ६० च्या वेगानें जाणारी गाडी ब्रेक दाबल्यापासून जितक्या अंतरांत थांबते, त्याच्या पावणेदोन पटींहून अधिक अंतर ८० च्या वेगाला लागतें. स्प्लेंडरसारख्या गाडीचा १३० मिलिमीटरचा ड्रम ब्रेक तिच्या स्वतःच्या वेगासाठीं पुरेसा आहे, उसन्या वेगासाठीं नाहीं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसींवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचें झालें. त्यामुळें ब्रेक जोरानें दाबला तरी चाक एकदम जखडून घसरत नाहीं. मोठी गाडी घेणारा आपण वेग विकत घेतला असें समजतो. त्याच्या पैशाचें खरें मोल जाड फोर्क, रुंद टायर, मोठी डिस्क आणि एबीएस ह्यांत असतें, आणि नेमक्या ह्याच गोष्टी जुन्या गाडीला समाधानकारक रीतीनें जोडतां येत नाहींत.

मग जुन्या गाडीला हात लावूंच नये काय ? अवश्य लावावा, फक्त क्रम पाळावा. बहुतेक वेळां ‘गाडी ओढत नाहीं’ याचें कारण कोंदलेला एअर फिल्टर, चुकलेली व्हॉल्व्हची फट, घसरणारा क्लच, घांसणारा ब्रेक किंवा सैल चेन हें असतें. हीं सारीं कामें थोड्या रुपयांत होतात, आणि तीं झाल्यावर निम्मे वाद तेथेंच मिटतात. टायर जुने झाले असल्यास नेमून दिलेल्या मापाचेच, पण चांगल्या पकडीचे घ्यावे. रुंद टायर अरुंद रिमवर चढविला तर वळणावर गाडी जड होते. दिवा मंद वाटल्यास कांच व जोडणी आधीं तपासावी, जास्त वॅटचा गोळा घातल्यास होल्डर व वायर वितळतात. चेनसेट बदलण्याच्या वेळीं पुढच्या चक्राचे १४ दांते असल्यास १३ करावे असें कोणी सुचवितो. त्यानें ओढ सुमारें आठ टक्के वाढते खरी, पण तितक्याच प्रमाणांत वरचा वेग उतरतो आणि पेट्रोल अधिक लागतें. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें जातें.

दुरुस्तीनंतरही इच्छा कायम राहिली आणि घराची ऐपत असली, तर फेरफाराचा पैसा सांठवून नव्या गाडीच्या पहिल्या रकमेंत घालणें शहाणपणाचें. आणि शक्य असेल तर जुनी विकूं नये. तिची बाजारांत येणारी किंमत थोडी, शेताला होणारा उपयोग मोठा. मूळ स्वरूपांत ठेवलेली गाडी गांवचा कोणताही मिस्त्री उघडूं शकतो. नव्या गाडीच्या कामासाठीं मात्र सोलापूर गांठावें लागेल कीं काय, तें आधीं विचारून घ्यावें. हप्त्याबरोबर विमा, टायर व पेट्रोल ह्यांचाही वाढीव खर्च मांडावा, कारण दुकानदार तो मांडून दाखवीत नाहीं.

आणखी एक गोष्ट दुकानांतच पाहून घेण्यासारखी असते. अशा गाड्यांची मागची बैठक पुष्कळदां उंच, आंखूड व उतरती असते. आईला तुळजापुरास न्यावयाचें, तर लुगडें नेसून तिला एका बाजूनें तेथें बसतां येईल काय, पाय ठेवावयास जागा आहे काय, मागच्या चाकाला जाळी आहे काय ? विसार देण्यापूर्वीं तिलाच बरोबर न्यावें, मागें बसवावें, आणि दोन-तीन मैल गाडी फिरवून आणावी.